दार दोनदा लावायचं

दुपारी गोटीचा डोळा लागला, की तिची आई बाबागाडी हळूहळू ढकलत अंगणातून गॅरेजात न्यायची. अंगणाच्या मधोमध एक फरशी सैल होती. तिच्यावरून चाक गेलं की 'टक' व्हायचं आणि झोपेतल्या गोटीच्या पापण्या थरथरायच्या. म्हणून तेवढ्यापुरती बाबागाडी उचलायची आणि पलीकडे टेकवायची. गॅरेजाच्या पत्र्यात एका जागी काच बसवलेली होती. तिच्यातून ऊन खाली उतरायचं आणि नेमकं दुसऱ्या गाडीच्या बोनेटवर जाऊन बसायचं, मांजरासारखं.

ही दुसरी गाडी सासऱ्यांची. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वर कापडी टप असलेली स्पोर्ट्‌स कार. तरुणपणी हौसेनं घेतलेली, मग कित्येक वर्षं एका जागी उभी राहिलेली. चाकं बसली होती, पत्रा गंजला होता आणि सीटमध्ये उंदरांच्या दोन-तीन पिढ्या सुखानं नांदून गेल्या होत्या.

"एका गाडीत बाळ झोपलंय, दुसरीत इंजिन," नवरा म्हणाला होता. "दोघांपैकी एकालाच उठवायचं, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

तिनं ते इतकं लक्षात ठेवलं, की पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

गोटी व्हायच्या आधी ती पंपांच्या कारखान्यात जुळणीच्या विभागात होती. हाताला पान्याची सवय होती, नखांत ग्रीस गेलं तरी तिला त्याचं काही वाटत नसे. गोटी झाली, नोकरी सुटली आणि दिवस असे पातळ होत गेले, की सकाळ कुठे सांडली नि संध्याकाळ कुठून आली ते कळेना. भरवायचं, पुसायचं, थोपटायचं, वाळत घालायचं, पुन्हा भरवायचं. अशाच एका दुपारी रडणाऱ्या गोटीला खांद्यावर घेऊन ती फिरत फिरत गॅरेजात शिरली. उगाच, एका हातानं, तिनं बोनेट उचललं. आतून जुन्या तेलाचा, धुळीचा, थंड लोखंडाचा वास आला. गोटी गप्प झाली. तिनं मान आईच्या गळ्यात खुपसली आणि तिथेच झोपून गेली. त्या दिवसापासून दुपार गॅरेजातली.

तिनं कामांची वाटणी करून टाकली. काही मुकी कामं, काही बोलकी. गंजावर ओला पॉलिश पेपर फिरवायचा, कार्बोरेटरची इवलीशी भोकं केसाएवढ्या तारेनं मोकळी करायची, नट घासून पुसून ओळीनं मांडायचे, सीटचं कातडं शिवायचं, ही मुकी. ठोकणं, कापणं, ओढणं ही बोलकी. ती गोटी जागी असताना, तिला आजोबांच्या मांडीवर सोपवून करायची. पण खरी हक्काची दुपारच होती. त्यामुळे हळूहळू बोलकी कामंसुद्धा ती मुकी करायला शिकली. पान्यांना तिनं गोटीचे आखूड झालेले मोजे चढवले. नट ठेवायच्या वाटीत लंगोटाची घडी अंथरली. लोखंडानं लोखंडाला शिवायचं नाही, असा दंडकच होता. एकदा वॉशर हातातून निसटलं, तर तिनं ते हवेतच गुडघ्यांत धरलं आणि तशीच, श्वास रोखून, कितीतरी वेळ बगळ्यासारखी उभी राहिली.

त्या शांततेत वेळ वेगळाच वाहायचा. उन्हाचा तुकडा बोनेटवरून दारावर, दारावरून मागच्या चाकावर सरकायचा. पॉलिश पेपरची सळसळ आणि गोटीचा श्वास एका लयीत यायचे. कधी तिला वाटायचं, आपण गाडी घासतच नाही आहोत, कुणाची तरी पाठ चोळतो आहोत. कधी हात चालू असताना ती स्वतःच पेंगायची, आणि जागी व्हायची तेव्हा खरोखरच आधीपेक्षा जास्त पत्रा चकचकीत झालेला असायचा. झोपेत कुणी केलं कोण जाणे.

सासरे मात्र गॅरेजात पाऊल टाकत नसत.

ते रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचे. कुणी वाळकं पान आणून म्हटलं, अस्साच हवा, तर हे डबे उघडून थेंब थेंब मिसळत तो रंग उभा करायचे. या गाडीचा रंगही त्यांनी स्वतः घोटलेला, कुठल्याच दुकानात न मिळणारा. त्याला ते 'संध्याकाळ' म्हणायचे. उजेड गेलेला नाही आणि दिवाही लावावासा वाटत नाही, त्या मधल्या वेळेचा, तांबूस, पण आत कुठेतरी निळसर. मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. कडेकडेनं अंधार आत येत राहिला, घरात पाणी शिरावं तसा. ऑपरेशन झालं, दुसरं झालं. आता खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं.

"जी दिसत नाही ती ठेवून काय करू?" ते म्हणाले होते. "विकून टाका. तो कोपऱ्यावरचा दातवाला कधीचा मागे लागलाय."

दातवाला म्हणजे दातांचा डॉक्टर. त्याला जुन्या गाड्यांचा शौक होता. त्या पुसून, झाकून, ओळीनं उभ्या करायचा. चालवायचा नाही.

"मला एकदा पूर्ण करू द्या, बाबा," तिनं विनवलं होतं. "आपण दोघं एक चक्कर मारू. त्यानंतरही विकावीशी वाटली, तर मी हूं की चूं करणार नाही."

"बघ, शब्द दिलायस."

"दिलाय."

दिला खरा. पण दुपारच्या त्या उन्हात मोजे घातलेला पाना हातात धरला, की ती काम मुद्दामच सावकाश करायची. गाडी गेली तर दुपारही जाणार होती. मग उरलं असतं वाळत घालणं.

रंगासाठी तिनं जिवाचं रान केलं. बाहेरचा सगळा रंग उन्हानं विटून गेलेला. शेवटी दाराचं रबर सोलताना त्याखाली बोटभर पट्टी निघाली, कधी ऊनच न लागलेली, ओल्यासारखी ताजी. ती दाखवून तिनं रंगाऱ्याकडून पुन्हा पुन्हा नमुने करून घेतले. रंगारी वैतागला.

"वहिनी, हा लाल घ्या नाहीतर तो लाल घ्या. रस्त्यावर कोण भिंग घेऊन बघणारे?"

"कोणी नाही. तरी अजून एक थेंब निळा टाका."

नवऱ्यानं एकदा हळूच विचारलं, "बाबांना दिसणार नाही, माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"मग?"

"गाडीला माहीत असेल ना."

तो हसला, पण नंतर तोच दर रविवारी रंगाऱ्याकडे चकरा मारू लागला.

आणि उघडलीच आहे तर, म्हणत म्हणत तिनं गाडी नुसती दुरुस्त केली नाही, सुधारलीसुद्धा. पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे ब्रेक बसवले. कंबरेचे आणि खांद्याचे पट्टे घातले. इंजिन एका झटक्यात चालू व्हावं म्हणून आतली जुनी ठिणगीची यंत्रणा बदलली. इथवर ठीक होतं. पण तिच्या कानांना आता शांततेची चटक लागली होती. जिथे जिथे काही कुरकुरायचं, खडखडायचं, तिथे तिचा हात आपोआप जायचा. दाराला नवं जाड रबर बसवलं. दार फ्रिजसारखं मऊ मिटू लागलं. समोरच्या कप्प्याच्या झाकणाचा ढिला खटका काढून नवा घातला. सीटची कण्हणारी स्प्रिंग फोममध्ये गुंडाळली. गिअरच्या दांड्याखाली रबरी चकती गेली, दारात आणि पायाखाली आवाज गिळणारे जाड पत्रे चिकटवले, आणि भोकं पडलेल्या सायलेन्सरच्या जागी मोठा, नवाकोरा सायलेन्सर आला. जुनं सगळं तिनं फाटक्या चादरीत बांधून कोपऱ्यात टाकलं.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा गोटी बाबागाडीत झोपलेली होती. तिनं किल्ली फिरवली. दूर कुठेतरी कुणीतरी मधाची बाटली उपडी करावी, तेवढाच आवाज. गोटीनं ओठ चोखले आणि कूस बदलली. तिचा जीव भांड्यात पडला. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

रविवारी नवऱ्यानं वडिलांचा हात धरून त्यांना खाली आणलं. त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. तिनं त्यांचा तळवा बोनेटवर ठेवला. तो तिथे राहिला, मग पुढे सरकला, दिव्याच्या काचेवरून, दाराच्या कडेवरून.

"रंग तोच आहे, बाबा. संध्याकाळ."

"होय का," ते म्हणाले. चांगलं आहे, असंही म्हणाले.

ती चालवायला बसली, ते शेजारी. दार मिटलं, मऊ. गाडी फाटकातून निघाली, गल्ली ओलांडून झाडांच्या रस्त्याला लागली. पानांच्या सावल्या बोनेटवरून वाहत होत्या आणि इंजिन इतकं गप्प होतं, की तरंगल्यासारखं वाटत होतं. ती मधूनमधून त्यांच्याकडे पाहत होती. ते ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाहुण्याच्या गाडीत बसल्यासारखे. वळण आलं की "सांभाळून" म्हणायचे, तेसुद्धा आदबीनं.

परत आल्यावर तिनं इंजिन बंद केलं. नवरा गोटीला कडेवर घेऊन धावत आला.

"मग, बाबा? कशी आहे?"

"छान आहे. फार छान आहे गाडी." ते खाली उतरले आणि त्यांनी दार लावलं. "माझी कुठे गेली?"

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"मी रागावलो नाही रे," ते म्हणाले. "सडून गेली होती, मला माहीत आहे. दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल. माझं मन मोडू नये म्हणून तुम्ही दुसरी आणलीत. पण एवढा उपद्व्याप कशाला केलात?"

"बाबा, हीच आहे ती," ती म्हणाली. "रबराखाली रंग सापडला. तुमचाच. नंबरची पाटीसुद्धा तीच आहे, हात लावून बघा."

"पाटी काय, कशावरही लावता येते. आणि रंग..." त्यांनी नुसता हात हलवला. "असू दे, पोरी. तू मनापासून केलंस, ते मला पोचलं. आता दातवाल्याला बोलाव. उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जाऊ दे."

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. "बाबा, ही वर्षभर इथे गुडघे घासत—"

तिनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं होतं, पण त्याच्यामागे दुसरंच काहीतरी तिच्या मनात हळूहळू उघडत होतं. सासरे गाडीच्या बाहेर उतरले तेव्हा त्यांनी दार लावलं होतं. आणि लावल्यावर तिथेच क्षणभर, मान तिरकी करून, वाट पाहत उभे राहिले होते. कशाची?

सूर्य कलल्यावर ती गोटीला घेऊन व्हरांड्यात गेली. सासरे खुर्चीत होते. गोटी त्यांच्या मांडीवर चढली आणि शर्टाच्या बटणांशी खेळू लागली.

"बाबा, तुमची गाडी कशी होती?"

"आता कशाला?"

"सांगा ना. मला कुठे माहितीये. मी आले तेव्हा ती बंदच होती."

त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. मग म्हणाले, "बोलकी होती. तुझ्या सासूबाईंसारखी." आणि हसले. "दार एकदा लावून लागायचं नाही. पहिल्यांदा नुसतं खट्ट. मग दुसऱ्यांदा जोरात आपटायचं. ते लागलं, की समोरच्या कप्प्याचं झाकण आपोआप उघडून पडायचं, थेट शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर. सासूबाई तुझ्या, गुडघा वर करून ते धरून ठेवायच्या. सगळा रस्ता तसाच. मी म्हणायचो, खटका बदलतो. तर म्हणायच्या, नको, मला काहीतरी काम असू दे."

"आणखी?"

"सीटची स्प्रिंग कण्हायची. खड्डा आला की आधी ती बोलणार, मग आम्ही. आणि दुसरा गिअर..." त्यांनी ओठ मिटून नाकातून आवाज काढला, लांबलचक, चढत जाणारा. गोटी बटण सोडून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यांनी पुन्हा काढला. गोटीनंही ओठ मिटले आणि तसाच आवाज काढायचा प्रयत्न केला.

"डोळे गेल्यावर," ते गोटीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "रंग आधी जातात. आठवायला गेलं तर लाल कसा होता, त्याचे नुसते शब्द आठवतात. आवाज तेवढे राहतात, जसेच्या तसे."

तिच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यातली फाटकी चादर होती. वर्षभर ती एकेक आवाज शोधून शोधून मारत आली होती, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं की आपण गाडी बरी करतो आहोत. ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी रंग जपला. ज्याला ऐकू येतं, त्याची गाडी मुकी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोटी झोपली. डॉक्टर संध्याकाळी येणार होता. नवरा कामावरून अर्ध्या दिवसानं परतला होता, तो दारात उभा राहिला.

"झोपलीये ती. आता कशी करणार? ही तर सगळी बोलकी कामं."

"धर तो सायलेन्सर," ती म्हणाली.

तिनं पान्यावरचा मोजा काढून खिशात घातला. पहिला बोल्ट सुटताना करकरला. दोघांनी बाबागाडीकडे पाहिलं. काही नाही. पायाखालचे चिकटवलेले पत्रे तिनं ओढून काढले; ते कापड फाटल्यासारखे टर्रकन निघाले. गोटी झोपलेली. नवऱ्याच्या हातून मोठा पाना फरशीवर पडला आणि गॅरेज मंदिराच्या घंटेसारखं घुमलं. दोघं जिथल्या तिथे थिजली. गोटीनं एक लांब श्वास घेतला आणि पायाचा अंगठा हलवला, बस.

"हिला काही फरकच पडत नाही," नवरा पुटपुटला. "वर्षभर मी या घरात चोरासारखा चालतोय."

कालपासून ती पहिल्यांदा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ग्रीसच्या हातानं पुसलं आणि गालावर काळा पट्टा उमटला. मग दोघांनी मोकळेपणानं ठोकाठोक केली. जुन्या सायलेन्सरची मोठी भोकं बुजवली, बारकी राहू दिली. गिअरखालची चकती काढली. स्प्रिंगवरचा फोम सोडवला, तशी ती आळस दिल्यासारखी कण्हली. दाराला जुनं रबर आणि कप्प्याला जुना ढिला खटका परत गेला. नवे ब्रेक आणि पट्टे मात्र तिनं हलवले नाहीत. दार दुसऱ्यांदा आपटल्यावर घट्ट बसतंय ना, ते तिनं चारचारदा ओढून पाहिलं. पाहताना प्रत्येक वेळी झाकण खाली पडत होतं, आणि ती प्रत्येक वेळी ते न चुकता लावत होती.

सासरे यायला तयार नव्हते.

"कालच तर फिरलो."

"डॉक्टर यायच्या आत एकदा, बाबा. शब्द मी पाळणार आहे. तुम्ही फक्त बसा."

ते बसले. त्यांनी दार ओढलं. खट्ट.

त्यांचा हात दारावरच थांबला. मग त्यांनी दार पुन्हा उघडलं आणि जोरात आपटलं. झाकण सुटलं आणि त्यांच्या मांडीवर पडलं.

त्यांची बोटं झाकणाच्या कडेवरून फिरत होती. मग अगदी सावकाश त्यांनी डावा गुडघा वर केला, झाकण मिटलं आणि गुडघ्यानं धरून ठेवलं. या गाडीत ते आयुष्यभर चालवायलाच बसले होते. शेजारच्या जागेवरून ही गाडी कशी असते, हे त्यांना आत्ता कळत असावं.

"चल," ते म्हणाले.

फाटकात नवरा अजून झोपलेल्याच गोटीची बाबागाडी धरून उभा होता. इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि साऱ्या गल्लीला सांगत सुटलं. खड्डा आला, आधी स्प्रिंग बोलली. झाडांच्या रस्त्यावर तिनं दुसरा गिअर टाकला आणि गाडीनं मिटल्या ओठांनी गुणगुणायला सुरुवात केली, चढत चढत. सासऱ्यांनी आदबीचे हात गुडघ्यांवरून कधी उचलले, तिला कळलं नाही. एक हात झाकणावर होता, दुसऱ्याची बोटं ताल धरत होती.

"लगेच नको बदलूस," ते म्हणाले. "पुरता सूर लागू दे तिचा. हां. आता."

कोपरा आला. डॉक्टर दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होता, त्यांच्याच घराकडे निघालेला. गाडी पाहून त्यानं हात वर केला. तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. शब्द दिला होता.

"बाबा, डॉक्टर उभे आहेत. थांबू?"

"इथे? वेडी की काय. इथे चढ आहे, थांबलीस की बंद पडते ही." त्यांनी मान जराशी वळवली, डॉक्टर होता त्याच्या उलट दिशेला, आणि छान हसले. "नुसता हात कर त्याला. चांगला माणूस आहे. दुसरी शोधेल कुठेतरी."

तिनं हात केला. डॉक्टर हात वर धरून तसाच मागे राहिला. चढ संपला, रस्ता उघडा झाला, आणि वारा कापडी टपाखालून आत आला. आता गाडीच बोलत होती.

मग त्यांनी हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर पालथा ठेवला.

"रंग कुठे सापडला म्हणालीस?"

"रबराखाली. तुम्ही हात ठेवलाय ना, तिथेच."

"निळा किती टाकलास?"

"रंगारी कंटाळेपर्यंत."

त्यांनी मान डोलावली. हात पत्र्यावर फिरत होता. समोर आकाश खाली उतरत आलं होतं आणि घरांच्या खिडक्या अजून काळ्याच होत्या.

"दिवे लागले का गं रस्त्यावरचे?"

"नाही, बाबा. अजून उजेड आहे थोडा."

"मग आत्ता," ते म्हणाले, "आत्ता बरोबर दिसत असेल."

तिनं बोनेटकडे पाहिलं. बोनेट कुठे संपतं आणि रस्त्यावरचा उजेड कुठे सुरू होतो, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

"दिसतोय," ती म्हणाली, आणि गिअर तसाच राहू दिला.